अर्बाबच्या नावावरची मोटारसायकल

भिकाजी घाडी ओमानमधल्या सहम गावी आला तेव्हा त्याचं वय एकतीस होतं. देवगडजवळच्या वाडीतला हा माणूस इंजिनाचा आवाज ऐकूनच त्यातलं दुखणं ओळखायचा. सहमच्या आसपास लिंबाच्या आणि खजुराच्या बागा, आणि बागेबागेत विहिरीवर पंप. त्याच्या अर्बाबचं, म्हणजे मालक खमीसचं, छोटं वर्कशॉप होतं. पंप बिघडला की भिकाजी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उन्हातून चालत निघायचा.

पंचाण्णवच्या ऑगस्टमध्ये खमीसच्या स्वतःच्या बागेतला पंप बंद पडला. दोन दिवस भिकाजी विहिरीत उतरून काम करत राहिला आणि तिसऱ्या दिवशी पाणी चढलं. म्हाताऱ्या खमीसनं वर्कशॉपच्या मागं उभी असलेली लाल होंडा पुढं काढली आणि चावी भिकाजीच्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "ये तुम्हारा. खलास."

मुल्किया, म्हणजे गाडीच्या मालकीचं कार्ड, तेवढं खमीसच्याच नावावर राहिलं. दरवर्षी तोच ते नवीन करून आणायचा आणि स्वतःच्या पाकिटात ठेवायचा. नाव बदलून द्या असं म्हणायचं भिकाजीच्या मनात दोनतीनदा आलं, पण देणाऱ्याकडं कागद मागायचा म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यासारखं. त्याची जीभ रेटली नाही. आठ वर्षं त्या गाडीनं त्याला बागाबागांतून फिरवलं. सारं सहम तिला भिकाजीची गाडी म्हणायचं.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात खमीस गेला. वर्कशॉप कसंबसं वर्षभर चाललं, मग मुलांनी बंद केलं. थोरला मुलगा मुस्तफा मस्कतजवळ माबेल्याला राहायचा. त्यानं निरोप धाडला की व्हिसा रद्द करतोय, गुरुवारचं तिकीट काढलंय, पासपोर्ट घेऊन जा.

गावी भिकाजीच्या मुलीला, उर्वीला, कोल्हापुरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत त्या गुरुवारनंतरच्या शनिवारपर्यंत होती. भिकाजीकडं विकण्यासारखी एकच वस्तू होती.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. विल्सन नावाचा वसईचा पोरगा जवळच्या सोहार शहरातल्या एका हॉटेलात वेटर होता. लग्न होऊन वर्ष झालेलं, बायको ॲनेट वसईला. ड्युटी सुटेपर्यंत स्टाफची बस निघून गेलेली असायची, म्हणून त्याला गाडी हवी होती. त्यानं एक चक्कर मारली आणि हसतच परत आला.

"काका, काय ठेवलीय गाडी तुम्ही! मुल्किया द्या, उद्याच नावावर करून घेतो."

"ती अर्बाबच्या मुलाकडे आहे, माबेल्याला," भिकाजी म्हणाला. "मी जाणारच आहे तिकडे. घेऊन येतो."

हे त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्यालाच नवल वाटलं. खरं म्हणजे मुल्किया कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. खमीस गेल्यापासून ती कुणी नवीनही केली नव्हती. विल्सननं दीडशे रियाल त्याच्या हातात ठेवले आणि तो गाडी घेऊन गेला. त्याच दुपारी भिकाजीनं त्या पैशांचा ड्राफ्ट गावी पाठवला.

रविवारी तो माबेल्याला गेला. मुस्तफानं त्याला बैठकीत बसवून कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढं ठेवला, पासपोर्ट आणि तिकीट दिलं. भिकाजीनं भीतभीत गाडीचा विषय काढला.

"बाबा ने दिया होगा," मुस्तफा म्हणाला. "मेरे को मालूम नहीं. कागज में बाबा का नाम है. अब हम सात भाई-बहन का है. कोर्ट से कागज आएगा, फिर सबका साइन होगा."

"कितना दिन?"

"एक साल. इन्शाल्ला. तुम जाने से पहले गाडी इधर छोड दो."

गाडी विकलीय, हे सांगायची हीच वेळ होती. भिकाजीनं खजुराची बी बशीत ठेवली आणि मान डोलावली. परतीच्या टॅक्सीत तो स्वतःला बजावत होता, की विल्सनला पैसे परत द्यायचे तर आता द्यायचे कुठून, आणि चारच तर दिवस आहेत, काय व्हायचंय एवढ्यात.

मंगळवारी संध्याकाळी विल्सनच्या खोलीतला गुरुदत्त त्याला शोधत सहमला आला. दारातूनच बोलू लागला.

"पोलिसांनी विल्सनला आत घेतलंय. सोहारच्या गोल चौकात अडवलं. गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर, मुदत संपलेली. चोरीची आहे म्हणतायत."

भिकाजी खाटेवर बसला. "माझं नाव सांगितलं असेल ना त्यानं?"

"नाही. मी म्हटलं त्याला, सांग की. तर म्हणाला, काका कागद घेऊन येतील. आणि परवा त्यांचं विमान आहे, उगाच अडकतील."

गुरुदत्त गेला. रात्री गावाहून बायकोचा, जयवंतीचा, फोन आला. "ड्राफ्ट मिळालो. पोरगी नाचताहा नुसती. तुमी गुरुवारी येतलास मां?"

"येतंय गो," भिकाजी म्हणाला.

बुधवारचा अख्खा दिवस त्यानं खोलीत काढला. बॅग भरली, उपसली, परत भरली. सकाळी म्हणाला दुपारी जाऊ, दुपारी म्हणाला ऊन उतरलं की जाऊ. पोलीस खरं-खोटं करतील, पोराला सोडतील, असंही वाटून गेलं.

गुरुवारी पहाटे तो बॅग घेऊन हमरस्त्यावर आला. मस्कतला जाणाऱ्या टॅक्सी या बाजूला थांबायच्या, सोहारला जाणाऱ्या समोरच्या बाजूला. मस्कतची एक टॅक्सी थांबली, ड्रायव्हरनं एअरपोर्टचा भाव सांगितला. भिकाजीनं दाराला हात लावला आणि तसाच उभा राहिला. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणून वैतागला आणि निघून गेला. मग भिकाजी रस्ता ओलांडून पलीकडं गेला.

सोहारच्या ठाण्यात त्यानं सगळं सांगितलं. दुभाष्यानं विचारलं, गाडी तुला दिली याला साक्षीदार कोण? कोणीच नव्हतं. मुस्तफाला बोलावलं गेलं. तो आला आणि जे होतं तेच बोलला. "मी याला गाडी घरी सोडायला सांगितली होती. विकली आहे हे यानं मला सांगितलं नाही." यात खोटं काहीच नव्हतं. भिकाजीला त्याच्या नजरेला नजर देता येईना.

दुपारी विल्सनला सोडलं. व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. पोराची दाढी वाढली होती, अंगावर अजून हॉटेलचा मळलेला शर्ट होता.

"काका, काल यायला पाहिजे होतं तुम्ही," तो हळू आवाजात म्हणाला. "मॅनेजर कालपर्यंत थांबला होता. संध्याकाळी माझा व्हिसा रद्द करायला कागद धाडले त्यानं."

भिकाजीनं त्याचा हात धरायला हात पुढं केला. विल्सननं आपला हात खिशात घातला आणि तो पायऱ्या उतरून गेला.

मुस्तफाच्या जबाबावरून तक्रार दाखल झाली आणि भिकाजीला तेवीस दिवस आत काढावे लागले. शेवटी मुस्तफानंच तक्रार मागं घेतली, बापाच्या जुन्या माणसाला तुरुंगात ठेवणं त्याला बरं वाटेना. गाडी जप्तच राहिली. भिकाजीला थेट विमानात बसवलं आणि पुन्हा ओमानला यायची वाट बंद झाली. उर्वी कोल्हापुरात शिकत होती. तिच्या फीचे पैसे कुठून आले हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि ती सुट्टीत घरी आली की भिकाजी काहीतरी काम काढून बाहेर पडायचा.

गॅरेजात रोजावर काम करून दीडशे रियालांएवढे रुपये जमायला दोन वर्षं लागली. मग तो गुरुदत्तकडून पत्ता घेऊन वसईला गेला. दारात विल्सनची आई मॅग्डलिन उभी होती. भिकाजीनं नाव सांगितलं तशी तिनं दाराची कडी घट्ट धरली.

"विल्सन घरी नाही. केटररकडे वाढप्याचं काम करतो, रोज असतंच असं नाही. ॲनेट मूल इथंच ठेवून माहेरी गेली ती गेलीच."

भिकाजीनं पाकीट पुढं केलं. "हे त्याचे पैसे. मी त्याची..."

"पैसे ठेवते," ती म्हणाली. "पण तुम्ही आला होता हे त्याला सांगणार नाही. तुमचं नाव निघालं की तो ताटावरून उठतो."

आत ते मूल रडायला लागलं. मॅग्डलिननं मागं वळून पाहिलं, पाकीट पदराखाली घेतलं आणि दार लावून घेतलं. पैसे दिले की छातीवरचं थोडं तरी उतरेल, असं भिकाजीला येताना गाडीत वाटलं होतं. त्यातलं काहीच उतरलं नव्हतं. तो फाटक उघडून बाहेर आला आणि स्टेशन कुठल्या बाजूला हेही कुणाला न विचारता चालू लागला.