उचलून बघणारे मुकादमभाई

मुकादमभाई दुकानात वस्तूची किंमत नंतर विचारत. आधी ती उचलून बघत. मिक्सर, इस्त्री, एकदा तर मांडणीवरचा टीव्ही. "शेवटी घरीच न्यायचंय ना, साहेब? विमानात चढेल तेवढंच आपलं," म्हणत. मूळचे रत्नागिरीकडचे, दोह्यात माझ्याच कंपनीत कर्मचारी विभागात होते. दर शुक्रवारी अल हिलाल भागातल्या आमच्या घरी जेवायला येत. त्यांच्या या सवयीवर आम्ही सगळी मराठी मंडळी हसायचो, आणि तेही हसायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. घरातला कॉम्प्युटर फार रखडायला लागला होता. बारावीतला मुलगा म्हणायचा, "बाबा, धिस इज अ डायनासोर." मी नवा घ्यायचं ठरवलं आणि मुकादमभाईंना घेऊन अल नस्रमधल्या दुकानात गेलो. त्यांनी नवा मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला, खाली ठेवला.

"नको. जुन्यातच मेमरी वाढवा."

"अहो, पगार माझा, हमाली माझी. तुम्हाला कसली चिंता?"

या वेळी ते हसले नाहीत. "यंदा नको, साहेब. यंदा जड काही घेऊ नका."

मी कंटाळून ऐकलं. बोटाएवढी मेमरीची पट्टी त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. "ही बघा. खिशात मावते."

घरी पट्टी बसवली आणि मशीन खरंच पळायला लागलं. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, तुमचा करार वाढणार नाही. मुलाची परीक्षा तोंडावर होती. मी तडक मुकादमभाईंच्या टेबलापाशी गेलो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"माझ्या घरी जेवत होतात, मुकादमभाई. आणि मला मेमरी वाढवायला सांगत होतात?"

"तोंड बंद ठेवायचाच पगार घेतो मी," ते खालमानेनं म्हणाले. "त्यातून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं."

"सरळ सांगितलं असतंत तर पोराची काही सोय लावली असती."

पुढे मी घरोघरी बोललो. मुकादमनं आमचं मीठ खाऊन केसानं गळा कापला, असं सांगत फिरलो. दुकानातली हकिगत तेवढी गाळली.

दोह्यातून कुणी कायमचं निघालं की ओळखीची माणसं त्याच्या घरी जमतात, सामान खाली उतरवतात, विमानतळापर्यंत जातात. माझ्या वेळी आमच्या गल्लीत गाड्या मावेनात. मुकादमभाई आले नाहीत. मी त्यांना कळवलंच नव्हतं.

मुकादमभाई वारल्याचं फार उशिरा कळलं, तेव्हा मी त्यांच्या गावी जाऊन आलो. चहा देताना भाभी सहज म्हणाल्या, "तुमच्याबरोबरच यांचंही काम खलास झालं होतं. नोटीस तेवढी दोन महिने जास्त." हे मला माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःचंही सांगितलं नव्हतं.

त्यांनी मला सरळ सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. तो सल गेलेला नाही. पण ज्यांनी माझ्या तोंडून अर्धीच हकिगत ऐकली, त्यांच्यासाठी ही उरलेली.

मी भाभींना विचारलं, दोह्याहून निघताना त्यांना पोचवायला कोण होतं?

"कोणी नाही. टॅक्सीनं गेले," त्या म्हणाल्या. "मला सांगायचे, एकच बॅग होती, उचलायला कुणी लागलंच नाही."