आठपट टाकी

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची नवी टाकी चढली तेव्हा खाली टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. कामोठ्यात उन्हाळ्यात पाण्याचे हाल विचारू नका. म्हणून चेअरमननी कळंबोलीच्या फॅब्रिकेटरकडून जुन्या लोखंडी टाकीसारखीच टाकी करून घेतली होती. "सेम टू सेम, फक्त डबल." लांबी डबल, रुंदी डबल, उंचीही डबल. खालचे विटांचे खांब मात्र जुनेच. आणि त्या खांबांच्या बरोबर खाली, शेवटच्या मजल्यावर, माझ्या सासूबाईंची खोली.

मी घरी हॉलमध्ये दहावीच्या मुलांना भूमिती शिकवते. समरूप आकृत्या तर झोपेतही शिकवीन. मीटिंगला खडूची खोकी घेऊन गेले. एक ठेवलं. शेजारी तसंच, पण सगळ्या बाजूंनी दुप्पट असं खोकं रचून दाखवलं. त्याला आठ खोकी लागली. "पाणी दुप्पट नाही, आठपट मावणार. वजनही आठपट. आणि झेलणारे खांब तेच!"

"अहो मॅडम, डबल म्हणजे डबल," चेअरमन म्हणाले. "इथं कुणाला पेपर द्यायचाय?" सगळे खो खो हसले. माझा नवराही. डोक्यात अशी तिडीक गेली! इंजिनिअर बोलवा म्हटलं, तर म्हणे उन्हाळा जाऊ दे, मग बघू.

टाकी भरली आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंच्या खोलीचं दार चौकटीला घासायला लागलं. मग लागेचना. नवरा म्हणाला, लाकूड फुगलंय. मे महिन्यात? सकाळी चादर झटकली की बारीक पांढरी भुकटी उडायची. छताला केसाएवढी रेघ दिसायला लागली. मी स्टुलावर चढून तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती खुणेच्या पुढे गेलेली असायची. शेवटी मी सासूबाईंना उठवून हॉलमध्ये आणलं. त्या चिडल्या, पण कशाबशा झोपल्या.

मग चेअरमन स्वतः येऊन रेघ बघून गेले. चेहरा उतरला होता. संध्याकाळी मीटिंगमध्ये ठरलं, टाकी अर्धीच भरायची. "मॅडमचंही राहिलं, पाण्याचंही." लोक खूश. आठाचं अर्धं चार, अहो, जुन्या टाकीच्या चौपट, मी अक्षरशः ओरडले. पण ऐकतंय कोण?

घरी आले तर सासूबाई गादीची वळकटी काखेत मारून खोलीकडे निघालेल्या.

"आई, नका ना जाऊ. पाया पडते तुमच्या."

"आता अर्धीच भरनार हाय ना?"

"अर्धीसुद्धा जास्त आहे हो!" मी दारात आडवी उभी राहिले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते. "मला कलतंय गो सगला. क्लासला पोरं वाढली तुजी. हॉल पुरत नाय. खोली पायजे, म्हनून म्हातारीला भ्या घालतेस."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली मान घालून उभा होता. म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं.

मी दारातून बाजूला झाले. त्यांनी आत जाऊन त्या रेघेखालीच गादी अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मग मीही माझी चटई आणली आणि त्यांच्या शेजारी घातली. वर टाकीत पाणी पडायला लागलं.