बंबाची आखूड नळी

आज शेजारी कोणीतरी ओलं लाकूड पेटवलं आणि त्या वासाने मला तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरची एक सकाळ आठवली. ह्यांनी भंगारातल्या पत्र्याचा पाणी तापवायचा बंब घरीच बनवला होता. पेटवताच धूर उलटा घरात भरला.

"तुले जाळही लावता येत नाही काय?" हे ओरडले.

लग्नानंतर मी पहिल्यांदाच उलट बोलले, "अहो, धुराची नळी आखूड आहे. छपराच्या कवेलूंच्या वर काढा."

"चौथी पास मले शिकवून राहिली!" म्हणत त्यांनी लोखंडी चिमटा हाणला. कपाळ फुटलं.

पदराने रक्त पुसत मी शिडीवर चढले आणि ओलं फडकं धरून पत्र्याच्या नळीचा उरलेला तुकडा तिच्या टोकाला जोडला. धूर सरळ वर गेला. हे त्याच पाण्याने आंघोळ करून कामावर गेले.

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आता वाटतं, कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळत असताना मी मारणाऱ्यालाच पाणी तापवून दिलं.