दादाची जागा

परवा खलाशांसाठीची सुरक्षेची पत्रकं वाटायला मढच्या कोळीवाड्यात गेले आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासानं मला थेट शाळेच्या दिवसांत नेलं.

तेव्हा बाबांच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी, कर्ण, जाळं ओढताना समुद्रात पडला होता. सापडलाच नाही. काही दिवसांनी त्याचा धाकटा भाऊ डोंगरातल्या गावाहून आला. आई रडतच पुढे झाली. "बाळा, घरी न्यायला काहीच हाती लागलं नाही रे."

तो गुडघाभर पाण्यात उतरला. बाटलीत समुद्राचं पाणी भरून त्यानं गावी निघालेल्या एका खलाशाकडे दिलं. "आईला दे. म्हणावं, आपल्या नदीत सोड." मग बाबांना विचारलं, "नाखवा, दादाची जागा मला द्याल?"

"त्याच बोटीवर? डोकं फिरलंय काय तुझं?" बाबा ओरडले.

"शेतातलं चार महिने पुरतं. पुढे आई खाईल काय? आणि दुसऱ्या बोटीवर मला ओळखतं कोण?"

मी हादरले. सख्खा भाऊ गेला आणि हा नोकरी मागतो? किती निर्दय!

दुपारी बाटली गावाकडे निघाली. तो चपला काढून, बोटीला नमस्कार करून, कर्ण उभा राहायचा तिथेच उभा राहिला.

आज हादरते ती वेगळ्याच गोष्टीनं. बाबांनी त्याला जागा दिली, आईनं डबा दिला. लाइफ जॅकेट कुणीच दिलं नाही. आमच्या बोटीवर एकही नव्हतं. कर्ण बुडाल्यानंतरसुद्धा.