सिस्टरची बाग आणि बिरादार साहेबांचा टेप

आघाड्यातून चालत गेलं की घरी आल्यावर कळतं, पायजम्याला बी चिकटून आलंय. किस्से असेच येतात. आम्ही काही ते गोळा करायला निघालो नव्हतो. महिन्यातल्या एका रविवारी आपल्यातल्या एकाच्या घरी जायचं, त्याच्या अंगणातली देशी झाडं बघायची आणि रुमालात बी बांधून परत यायचं, एवढाच बेत.

आम्ही चौघं. मी नांदेडचा, रेल्वे ऑफिसातला कारकून. देशमुख सर, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालेले. गफूरभाई, टू-व्हीलरचं गॅरेज चालवणारे. आणि लातूरच्या कांबळे सिस्टर, सरकारी दवाखान्यातून रिटायर. नियम एकच: यजमानानं प्रत्येक झाडाचं नाव सांगायचं आणि त्याच्यावर कोण कोण येतं तेही. एखादं नाव आलं नाही, तर चहा यजमानानं स्वतःच्या हातानं करायचा. या नियमामुळं मी रिटायरमेंटच्या आत चहा करायला शिकलो!

पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "माझा नंबर शेवटी लावा." त्यांच्या घरासमोर कॉलनीची मोकळी जागा. पूर्वी तिथं बांधकामाचा मलबा पडायचा. सहा वर्षं राबून बाईंनी तिथं रान उभं केलं होतं, आणि आता कॉलनीला ते काढून, सिमेंटचे गट्टू बसवून पार्किंग करायचं होतं.

"शेवटी लावा, तोवर काही मार्ग निघाला तर निघाला," त्या म्हणाल्या. आम्ही मान डोलावली. मार्ग कुणालाच दिसत नव्हता.

* * *

सिस्टर कशा, ते एका नर्सरीत कळलं. आम्ही सगळे रोपं घ्यायला गेलो होतो. सिस्टरनी तरोटा मागितला.

नर्सरीवाला हसायलाच लागला. "बाई, तरोटा उपटायला मी रोजानं माणूस लावून राहिलो, अन् तुम्ही इकत मागायलात?"

सिस्टर हसल्या नाहीत. "मग त्या माणसाला सांगा, मुळासकट उपट, अन् फेकू नको. मी थांबते."

तासाभरानं बाई पोतंभर तरोटा घेऊन ऑटोत बसल्या. नर्सरीवाला पोतं उचलून द्यायला स्वतः आला, आणि त्यानं हळूच विचारलं, "ह्याचं करता काय?"

"भाजी," सिस्टर म्हणाल्या. "घरी विचारा, तुमच्या आईला येत असंल."

* * *

देशमुख सर म्हणजे कडक माणूस. गफूरभाईच्या अंगणात पेरू दिसला, की सर म्हणणार, "हा पाहुणा. बाहेरून आलेला." सीताफळ? पाहुणं. गुलमोहर? पाहुणा. बोलता बोलता गाडी मिरची, टोमॅटो, बटाटा आणि शेंगदाण्यापर्यंत गेली. सगळे साता समुद्रापलीकडचे. गफूरभाई शांतपणे ऐकत होते आणि मधून मधून आत जाऊन येत होते.

जेवायला बसलो. वरण पिवळंधमक, वांग्याची भाजी मिऱ्याची. ठेचा नाही. शेंगदाण्याची चटणी नाही. भाकरी होती. ज्वारी मुळात कुठली ते सरांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. काहीतरी शिल्लक राहायला हवं होतं.

"सर, सगळं तुमच्या यादीप्रमाणं हाय," गफूरभाई म्हणाले.

मराठवाड्याचा माणूस तो. तिसऱ्या घासाला सरांचा धीर सुटला. "गफूरभाई, घरात एखादी हिरवी मिरची..."

"मिरची? ती तर पाहुणी हाय ना सर."

सरांनी ताटाकडं बघितलं, पेरूकडं बघितलं. "मग पाहुणीला असं दाराबाहेर उभं ठेवतात का? आत बोलवा!"

तेव्हापासून सर पेरूवर बोलत नाहीत.

* * *

आता माझी फजिती. माझ्या बेलावर फुलपाखराच्या अळ्या आल्या. इतर लोक अळ्या आल्या की औषध मारतात. आमच्यात पेढे वाटतात. मी शनिवारी रात्री फोन करून तिघांना सांगितलं, अकरा आहेत, स्वतः मोजल्या. बायको म्हणाली, "पोरगी झाली तेव्हा इतके फोन केले नव्हते."

रविवारी सगळे बेलाखाली उभे. अळी एकही नाही. फांदीवर बुलबुलाची जोडी चोच पुसत बसलेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सर टाळ्या वाजवायला लागले. "अहो, अळ्या बघायला कोण आलंय? तुमच्या अंगणात पाखरं जेवून राहिली!" मी पेढ्यांचा बॉक्स उघडला. पहिला पेढा बायकोनं उचलला.

* * *

सिस्टरच्या बागेसाठी मी निर्गुडीचं रोप नेत होतो. छातीएवढं उंच, पानांनी भरलेलं. नांदेड-लातूर एसटी. लोह्याला एक आजोबा शेजारी बसले. "निर्गुडी का ही? गुडघ्याला लई चांगली. दोन पानं घेऊ का?"

घ्या म्हटलं. तिथंच चुकलं. मागच्या सीटवरची बाई उठली. तिच्या सासूचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. अहमदपूर येईपर्यंत रोपाचा शेंडा गेला. लातूर दिसायला लागलं तेव्हा कंडक्टर आला. मला वाटलं, हा आता ओरडणार. त्यानं शेवटची दोन पानं खिशात घातली. "दिवसभर उभा राहतो साहेब."

सिस्टरच्या हातात मी एक काठी दिली. त्यांनी काही न विचारता ती लावली. महिन्याभरानं तिला पालवी फुटली.

* * *

आणि मग सिस्टरचा रविवार आला. मार्ग निघाला नव्हता. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "उद्या बिरादार साहेब माप घेणार. परवा गट्टू येतील. या, एकदा बघून तरी घ्या." त्यांचा आवाज असा बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाईटही वाटलं आणि रागही आला.

आम्ही पोचलो तेव्हा कॉलनीचे अध्यक्ष बिरादार साहेब पन्नास फुटांचा कापडी टेप घेऊन उभे होते. रिटायर्ड इंजिनिअर, माणूस वाईट नाही, पण समोर काहीही आलं की आधी मोजणार. सिस्टरनी त्यांना नमस्कार केला आणि आम्हाला बाग दाखवायला लागल्या, जणू काही झालंच नाही. तरवड, त्यावर मधमाश्या. रुई, त्यावर फुलपाखरू. कोपऱ्यातल्या एका वेलीपाशी त्या थांबल्या. "हिचं नाव येत नाही मला." सरांनाही येईना. "नाव येईना, म्हणजे चहा सिस्टरच्या हातचा," गफूरभाई म्हणाले.

"ती आमच्या रानात असायची," मागून आवाज आला.

साहेबांच्या आई काठी टेकत आल्या होत्या. देवणीकडच्या गावाहून लेकाकडं राहायला आलेल्या, नव्वदीच्या. फ्लॅटमध्ये त्या दिवस दिवस बोलत नाहीत, असं सिस्टरकडून ऐकलं होतं. त्यांनी वेलीचं नाव कानडीत सांगितलं. सरांनी वहीत लिहून घेतलं. मग त्या बोलतच सुटल्या. ही कुर्डू, हिची भाजी लसूण घालून. ही ह्याला. ती त्याला. बोलता बोलता पदरात तरोट्याची कोवळी पानं खुडत होत्या.

"कुणी लावलं हे समदं?"

"मी," सिस्टर म्हणाल्या.

"नाव आलं न्हाई तर चहा करावा लागतो म्हणं तुमच्यात. कर मग."

सिस्टरनी चहा केला. आजींनी तो सिस्टरच्याच पायरीवर बसून, बशीत ओतून घेतला. साहेब टेप धरून उभेच.

"अव्वा, चल आता. माप घ्यायचंय."

आजी उठल्या. वेलाला लावलेली काठी मोडल्यानं गुळवेल जमिनीवर लोळत होता, तिथं गेल्या. "इकडं आण ते."

साहेबांनी टेप दिला. आजींनी तो भराभरा ओढला, वेल उचलून पळसाच्या खोडाशी धरला आणि टेपानं करकचून बांधला. तीन गाठी. टेपाची डबी खाली लोंबत राहिली.

"आता घे माप," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरत घरी निघून गेल्या.

आम्ही परवा पुन्हा लातूरला गेलो होतो. गुळवेल टेपाच्या वर चार हात गेलाय. बिरादार साहेब पाइपनं पाणी घालत होते. गफूरभाईंना राहवलं नाही. "साहेब, तुमचा टेप अजून इथंच हाय की. सोडून देऊ का?"

साहेबांनी पाइप दुसऱ्या झाडाकडं वळवला.

"राहू द्या. मी नवीन घेतला."