तारखेचं पाणी

चौकशीला जायचं असलं की मला सकाळपासून भीती वाटते. नोकरीला इतकी वर्षं झाली, तरी. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. कुठल्या गावातल्या मेंबरनं, म्हणजे ग्रामपंचायत सदस्यानं, काही गैर केलं अशी तक्रार आली की मी तिथं जायचं, दोन्हीकडचे जबाब घ्यायचे आणि अहवाल वर पाठवायचा. निकाल वरचे देतात. शिव्या मला पडतात.

मेंबरची मला भीती वाटत नाही. मेंबर फार तर मोठ्या माणसांची नावं सांगतो, बदलीचा धाक घालतो. घाल बाबा! भीती वाटते ती तक्रार करणाऱ्यासाठी. मी जबाब घेऊन स्कुटीला किक मारणार, भीमेचा पूल ओलांडून केडगावला घरी येणार आणि भाकरी थापणार. त्याला मात्र त्याच गावात, त्याच माणसाच्या दारावरून रोज जायचं असतं.

हे गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढं. नाव नको. एका वस्तीवरच्या बाईनं अर्ज दिला होता की आम्ही मतं दिली नाहीत म्हणून मेंबर आमच्या वस्तीचं पाणी बंद ठेवतो. पाणी सोडायची चावी मेंबरच्या चुलतभावाकडं. गावाभोवती ऊस नुसता पाण्यात उभा, आणि ह्या बायका हंडे घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर. अर्जाखाली वस्तीतल्या बाकीच्या बायकांच्या सह्या, अंगठे.

पहिल्या तारखेला ती आलीच नाही. कुणीच आलं नाही. मी नंतर फोनवर तिला चांगली झापली. ती एवढंच म्हणाली, "चुकलं बाई. ह्या वेळंला येते." दुसऱ्या तारखेलाही तक्रारदार गैरहजर राहिला की आमच्याकडं अर्ज दप्तरी दाखल होतो, म्हणजे कायमचा गुंडाळला जातो. मग मेंबरला रान मोकळं, आणि वस्तीनं पुन्हा तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या तारखेला मी ग्रामपंचायतीत जाऊन बसले. समोर मेंबर, परीटघडीचे पांढरे कपडे, चेहरा असा साळसूद की जणू आत्ताच देवपूजेतून उठलाय. बाजूला ग्रामसेवक, टेबलाकडं बघत. तक्रारदाराची खुर्ची रिकामी.

"म्याडम, च्या तरी घ्या."

"नको."

चौकशीच्या गावात मी चहाच काय, पाणीही घेत नाही. बाटली घरून नेते. कुणाचा एक घोट घेतला की गाव ठरवून मोकळं होतं, बाई कुणाच्या बाजूची ते.

मेंबरचा जबाब लिहून झाला. तासभर गेला. पंखा कुरकुरत होता. दारात सावली पडली की मी मान वर करायची, आणि प्रत्येक वेळी दुसरंच कुणीतरी. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. नवऱ्यानं कोंडली असेल का? कुणी हात उगारला असेल का? अगं बाई, निदान कुणाला निरोप तरी द्यायचास!

"न्हाई यायची ती," मेंबर म्हणाला. "कुणीतरी भरीला घातली व्हती. पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कोन करतंय? लिवून टाका की गैरहजर."

मी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. उठले.

"वस्तीवर जाऊन येते."

"उन्हाचं कशाला, म्याडम? मानूस पाठवतो."

"माणूस नको," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. बाहेर पडता पडता तो खिशातून फोन काढताना दिसला.

वस्ती यायच्या आधी भांड्यांचा आवाज आला. मग रस्ता ओला दिसला. साऱ्या बायका एका नळाभोवती. हंडे, कळशा, बादल्या भरून ओळीनं मांडलेल्या. त्यापुढं पराती, कढया, कुकर, पिठाचे डबे. पायरीवर पोरांच्या शाळेचे जेवणाचे डबे, काठोकाठ पाण्यानं भरलेले. एकीनं डब्याच्या झाकणातसुद्धा पाणी धरलं होतं. ज्याच्या घरी रोज नळ येतो तो झाकणात पाणी धरत नाही.

तक्रार करणारी बाई नळाखाली हंडा धरून वाकलेली. मला बघून तिनं नजर चोरली.

"पाच मिन्टं बाई. पाया पडते. आता सोडलं तर गेलं."

"अहो, मी तासभर वाट बघतेय तुमची!"

"तुमच्या तारखेलाच पानी सोडत्यात, बाई. तुम्ही हापिसात बसला की नळ येतो. मागल्या बारीलाबी तसंच. जबाब द्यायला यावं का पानी भरावं, सांगा."

"मग फोनवर बोलला का नाहीत?"

"फोन शेजारच्याचा. त्यो मेंबरच्या ट्रॅक्टरवर डायवर हाय."

मला त्या पांढऱ्या कपड्यांचा संताप आला. आणि हिला मी झापलं होतं.

तेवढ्यात नळ फुरफुरला. धार बारीक झाली, थेंब झाले, आणि बंद. हंडा अर्धाच भरलेला. मी वस्तीवर पोचल्याची बातमी चावीवाल्याला लागली होती. "मुडदा बशिवला त्याचा," एक म्हातारी म्हणाली. बाकीच्या बायका नळाकडं नाही, माझ्याकडं बघत राहिल्या.

ती बाई पदराला हात पुसून पायरीवर बसली.

"आता मोकळी झाले. लिवा."

मी लिहीत गेले. एकीमागून एक सगळ्या बोलल्या. शेवटी, नळ माझ्या डोळ्यांदेखत बंद झाला, हेही लिहून खाली माझी सही केली. पण जीव थाऱ्यावर नव्हता. मी विचारलं, "मी गेल्यावर तुम्हाला काही करतील का हो?"

"करून करून काय करत्याल? पानी बंद?"

बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

मी कागद आवरत सांगितलं, "अहवाल वर जाईल. वेळ लागेल. आता मला परत यायचं काम नाही."

तिचा चेहरा पडला. "असं नका करू बाई. तुम्ही येनार असला तरच पानी येतंय. पुढची तारीख लावा की."

डाव उघडा पडल्यावर मेंबर पुन्हा पाणी सोडेल का, कुणाला ठाऊक. ते तिला सांगायचा मला धीर झाला नाही. जबाब सगळे झाले होते, तरी मी कागदावर लिहिलं, "उर्वरित चौकशी सोमवारी." आणि तिला वाचून दाखवलं.

"सोमवार," ती म्हणाली आणि त्या दिवशीचं पाणी कुठल्या वारापर्यंत पुरेल ते बोटांवर मोजायला लागली. मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "आन् गुरवारी?"