कासव गटातले गुणाजी

गुणाजी परबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वारंच ते, जसं आलं तसं ओसरलंही. पाय सुधारला, जीभ सुधारली (जिभेला मुळात काही झालंच नव्हतं, असं सूनबाईचं मत), पण उजव्या हाताची बोटं तेवढी रुसून बसली. चिमटीत काही धरवेना. त्यात एकदा बांगड्याचा काटा घशात अडकला आणि सपनाने, म्हणजे सुनेने, फर्मान काढलं : बोटं सुधारेपर्यंत काट्याचा मासा बंद. ताटात पनीर पडू लागलं.

मालवणी माणसाला पनीर वाढल्याबद्दल कायद्यात शिक्षा नाही, हा कायद्याचा दोष. सपना काटे काढून द्यायला तयार होती, नाही असं नाही. पण ज्याने जन्मभर गिरणीत तुटलेले धागे जोडले, तो माणूस दुसऱ्याने निवडलेला मासा खाईल? त्यापेक्षा पनीर बरं, असं म्हणून गुणाजी रोज ताटाकडे बघून उसासे टाकत.

व्यायाम शिकवायला येणारी डॉक्टरीण म्हणाली, "रंग भरा. खडू धरून धरून चिमूट परत येईल." तिला म्हणायचं होतं, घरी. पण त्याच मे महिन्यात जोगेश्वरीच्या त्यांच्या इमारतीत, तळमजल्यावर, माधुरी टीचरचं सुट्टीतलं रंगशिबिर निघालं. लहान मुलांच्या बोटांत ताकद यावी म्हणून. नात श्रुतिका आजोबांशिवाय आत पाऊल टाकेना आणि टीचरचा नियम कडक : आत फक्त विद्यार्थी. सपनाने एका दगडात दोन पक्षी मारले आणि दोन नावं घातली.

"पण वय?" टीचरने विचारलं.

"बोटांचं वय चारच आहे," सपना म्हणाली. "टीचर, तुम्ही 'बोटं तयार' असं लिहून दिलंत की मी त्यांना बांगडा देणार. तोवर नाही."

अशा रीतीने एका म्हाताऱ्याचा बांगडा बालवाडीच्या बाईंच्या हातात गेला. गुणाजी गळ्यात पाण्याची बाटली अडकवून इवल्याशा खुर्चीवर बसू लागले. गुडघे कानाशी. श्रुतिका गेली हुशारांच्या ससा गटात, हे कासव गटात. शेजारी प्रबुद्ध नावाचा तीन वर्षांचा इसम. हा खडू वापरण्यापेक्षा खाण्यात तरबेज.

"टीचर, ह्येना माझो पिवळो खाल्ल्यान!"

"गुणाजी, चुगल्या करायच्या नाहीत."

पहिल्या आठवड्यात त्यांचा आंबा कागदभर सांडला. प्रबुद्धला दोन चांदण्या मिळाल्या, त्यांना एक. गुणाजींना ते फार लागलं. घरी श्रुतिका त्यांचा अभ्यास घेई. "आजोबा, परत रेघेच्या बाहेर! काय यार तुम्ही!" ते ओशाळून खडू पुन्हा चिमटीत धरत. हळूहळू आंबा आंब्यात राहू लागला, छत्री छत्रीत.

शेवटच्या दिवशी परीक्षेला आला मासा. रंग भरायला छापलेला, गुलाबी व्हायच्या बेतातला, डोळ्यांना पापण्या, वर हसतोय.

"मासो हसता काय कधी?" गुणाजी पुटपुटले. मग त्यांनी काळी पेन्सिल उचलली. मधला कणा काढला. कण्यातून दोन्ही अंगांना तिरपे काटे, मानेजवळचे नाजूक, शेपटीकडचे आखूड. भान हरपलं त्यांचं. प्रबुद्धने सहज वाकून पाहिलं आणि भोकाड पसरलं. मग सगळा कासव गट रडू लागला. ससा गटाला कारण माहीत नव्हतं, पण तोही मागे राहिला नाही.

टीचरने पालकांना बोलावलं. गुणाजींचे पालक म्हणून त्यांचा मुलगा सुबोध ऑफिसातून हाफ डे टाकून आला. गुणाजी बाहेर चपलांपाशी, पडद्याला कान लावून. सुबोधच्या शाळेत ते जन्मात एकदाही गेले नव्हते. गिरणीतली पाळी सुटायची नाही. आता मात्र पडद्याआडचा एक शब्दही ते सुटू देत नव्हते.

"सूचना पाळत नाहीत," टीचर सांगत होती. "रंग भरा म्हटलं, तर यांनी हाडं काढली. मूल असं काढतं ना, तेव्हा आम्ही पालकांना विचारतोच. घरी काही टेन्शन आहे का?"

सुबोध कागदाकडे बघत राहिला. काटे केसासारखे बारीक होते आणि एकही थरथरलेला नव्हता.

"आहे," तो म्हणाला. "पनीर."

टीचरने नाइलाजाने लिहून दिलं : बोटं तयार, स्वभाव नाही.

"काय म्हणाली बाई?" गुणाजींनी जिन्यात विचारलं.

"पास."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

रात्री बांगडे तळले. सगळं घर गुणाजींच्या हाताकडे डोळे लावून बसलं. त्यांनी बांगडा उलगडला, कणा चिमटीत धरला, अलगद वर घेतला आणि ताटाच्या कडेला ठेवला. कोणी श्वास घेतला नाही. सुबोधने तर नाहीच. बापाच्या बोटांवरची नजर न काढता त्याने आपला घास तोंडात कोंबला, आणि काटा अडकला त्याच्या घशात.

चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. सपना पाठीवर थापट्या मारतेय, श्रुतिका पाणी सांडत आणतेय. गुणाजींनी घाई केली नाही. सुका भात घेतला, उजव्या हाताने त्याची घट्ट गोळी वळली.

"आ कर."

चाळिशी ओलांडलेल्या सुबोधने आ केला.

"चावू नको. गीळ."

त्याने गिळली. काटा उतरला. गुणाजींनी मग त्याचं ताट आपल्याकडे ओढलं आणि त्याच्या बांगड्याचे काटे काढायला बसले.